मुलाचा ताबा : कोर्टाचा आदेश मोडला तर काय करावे?

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की प्रकरण कोर्टात जाते आणि मूल कोणाकडे राहील याचा आदेश होतो. तंटा मिटला असे नातेवाइकांना वाटते. पण उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवसांसाठी नेलेले मूल बाप परत आणीत नाही (कधी आईही आणीत नाही), तेव्हा खरी अडचण उभी राहते.

अशा वेळी आपल्या कोंढा परिसरातील माणूस प्रथम पोलीस ठाण्यात धावतो. तिथे 'हा तुमचा घरगुती मामला' असे उत्तर मिळते, आणि ते अगदीच चूक नसते. कोर्टाची मनाई नसताना बापाने स्वतःचे मूल नेले तर ते अपहरण होत नाही, असे सांगून नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2023 मध्ये अमरावतीचा एक गुन्हा रद्द केला. म्हणजे सारी भिस्त कोर्टाच्या कागदावर. आदेश नसेल तर आधी तो मिळवावा. असेल तर त्याची सही-शिक्क्याची नक्कल घरात ठेवावी.

आदेश मोडल्यास ज्या कोर्टाने तो दिला तिथेच वकिलामार्फत तातडीचा अर्ज करावा. मूल कधी नेले, कधी परत आणायचे होते, शाळा केव्हा सुरू झाली, औषधोपचार चालू आहेत काय, हे तारखांसह लिहावे. तातडी यावरूनच ठरते, शिव्याशापांवरून नव्हे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 12 खाली मूल हजर करण्याचा व तात्पुरत्या ताब्याचा हुकूम होतो. तो न पाळणाऱ्यास कलम 45 प्रमाणे, मूल हजर करण्याचे कबूल करीपर्यंत, दिवाणी तुरुंगात ठेवता येते. त्यातील दंड इंग्रज काळातला, त्याचे भय कोणाला नाही, तुरुंगाचे आहे.

1956 चा हिंदू पालकत्वाचा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. गोव्यातील एका प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने याच आधारे लहानग्याचा तात्पुरता ताबा आईकडे दिला. घरात मारझोड होत असेल तर 2005 च्या कायद्याच्या कलम 21 खाली न्यायदंडाधिकारीही तात्पुरता ताबा देऊ शकतात.

शाळेच्या फाटकातून मूल परस्पर उचलून आणू नये. मग दोष आपल्यावर येतो. पोटगी थकली म्हणून भेट बंद करणे हाही आदेशभंगच. पोटगीच्या वसुलीचा अर्ज वेगळा असतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी भगिनीने थांबू नये. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना व अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करावा. जाताना मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आदेशाची नक्कल सोबत न्यावी.