चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

मुरुमच्या बसस्थानकाजवळ माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, सात-बारा, पीकविमा, शिष्यवृत्ती आणि लोक ज्याला अजूनही ‘अपंगाचा दाखला’ म्हणतात तो. या शेवटच्या कामाला आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, “टक्का किती लागतोय?”

चाळीस, हे उत्तर गावात सगळ्यांना पाठ आहे आणि ते अर्धंच खरं आहे. त्या अर्ध्या उत्तरापायी इथं लेकरं घरी बसतात. दाखला आला की शाळेचं बघू, असं आई-बाप ठरवतात. दाखल्याच्या वैद्यकीय बोर्डाची तारीख हुकते, मग ज्वारीची काढणी येते, मग लग्नसराई; आणि लेकरू आठ वर्षांचं होतं.

खरी गोष्ट अशी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. स्वमग्नता, वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, सिकलसेल, थॅलेसेमिया हे सगळे त्यात आले. या कायद्याचं कलम १६ सांगतं, की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. तिथं टक्क्याचा उल्लेख नाही. चाळीस टक्के येतात ते कलम ३१ मध्ये. तेवढं अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, तेही घराजवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, इथं पुढची चार वर्षं मिळतात. म्हणजे शाळेत नाव घालायला दाखला लागत नाही. दाखला लागतो तो त्या पुढच्या गोष्टींना. वयाचा पुरावा नाही म्हणूनसुद्धा शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, ते शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय.

नाव घातल्यावर मदत कोण करणार, हा पुढचा प्रश्न. २०१८ पासून सगळं समग्र शिक्षा योजनेखाली आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी जोडलेले विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. आपल्यासाठी ते केंद्र उमरग्याचं. विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे. हा आकडा ऐकून पालक पासबुक घेऊनच येतात, म्हणून सांगतो : ही रक्कम हातात येत नाही. त्यातून साधनं, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता असं निघतं. मुलींना मात्र महिना २०० रुपये वेगळे असतात. खूप तीव्र किंवा एकाहून जास्त अपंगत्व असेल तर घरी शिक्षणाची सोय आहे. ती निवडायचा हक्क पालकांचा. ‘याला घरीच शिकवा’ असं शाळेनं परस्पर ठरवायचं नाही.

आता आमच्या भागाची एक अडचण. मुरुममध्ये अर्ध्या घरांत कन्नड बोलतात. काही घरांत दखनी. लेकरू पहिलीत मराठी शाळेत जातं आणि गप्प बसतं. शिक्षकांकडे ‘प्रशस्त’ नावाची एनसीईआरटीची तपासणी यादी असते. तिच्यात वागण्या-बोलण्याची लक्षणं बघून खुणा करायच्या. यादी फक्त संशय नोंदवण्यासाठी आहे, निदान डॉक्टरांनीच करायचं. पण एकदा खूण झाली की घरात रडारड सुरू. मी आईला विचारतो, “अक्का, घरी बोलतंय का?” ती म्हणते, “घरी तोंड मिटत नाही बघा.” मग ते अपंगत्व नव्हे, त्याला फक्त मराठीची सवय व्हायची आहे.

उलट प्रकार जास्त वाईट. ज्याला खरंच ऐकू येत नाही, त्याच्याबद्दलही सगळे म्हणतात, कन्नड घरचं आहे, बोलंल हळूहळू. यात दोन-दोन वर्षं जातात. ऐकण्याच्या बाबतीत दोन वर्षं फार मोठी असतात. जन्मतः न ऐकणाऱ्या लेकराला केंद्र सरकारच्या योजनेतून कॉक्लियर इम्प्लांट मिळू शकतं, पण शस्त्रक्रिया वयाच्या पाच वर्षांच्या आत व्हावी लागते. म्हणून अंगणवाडीत तपासणीची गाडी येते त्या दिवशी लेकराला मामाच्या गावाला पाठवू नये. ही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं. त्यांची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. संशय आला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथं जायला टक्का लागत नाही.

टक्का ठरतो तो बोर्डात, आणि पालकांचे अंदाज तिथंच चुकतात. एका कानानं अजिबात ऐकू येत नाही पण दुसरा चांगला आहे, तर कायद्यानं तो कर्णबधिर ठरत नाही. दोन्ही कानांत किमान साठ डेसिबलची घट लागते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा निरोगी असला, तर साधारण तीस टक्के. सौम्य बौद्धिक अक्षमतेला पन्नास टक्के धरतात, म्हणजे रेषेच्या वर. पण त्याहून जरा बरं, सीमारेषेवरचं मूल असेल तर पंचवीस. माझ्या मते सगळ्यात जास्त हाल या शेवटच्या मुलांचे. यांना वर्गातलं झेपत नाही आणि बोर्ड म्हणतं, ठीक आहे. यांच्यासाठी कलम १६ आणि विशेष शिक्षक एवढंच हाताशी उरतं, आणि नेमके यांचेच पालक पंचवीसचा कागद बघून विशेष शिक्षकांना भेटायचं सोडून देतात. अध्ययन अक्षमतेची चाचणी तिसरी किंवा आठ वर्षं वयाच्या आसपास होते. पहिलीतल्या पोराला ‘तारे जमीन पर’वाला आजार आहे म्हणून दाखला काढायला आणू नका.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा, जुने उपचाराचे कागद. घोळ नेहमी नावात. शाळेत मल्लिनाथ, आधारवर मलीनाथ. आधी आधार दुरुस्त करा. आणि लेकरू पाच वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे द्यायचे असतात, तेही त्याच फेरीत उरकून घ्या.

दाखल्याच्या तपासणीला जायचं ते धाराशिवचं सिव्हिल रुग्णालय आमच्यापासून शंभरेक किलोमीटर. मुरुम मोडावर उतरून हायवेची गाडी धरायची, तुळजापूर मागे टाकायचं, तेव्हा ते येतं. आमची निम्मी माणसं उपचाराला सोलापूरला जातात. तर नियमात एक सोय आहे जी फार कुणाला माहीत नसते : राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, तसाच जिथं उपचार चालू आहेत किंवा झालेत त्या सरकारी रुग्णालयातही करता येतो. दाखला देशभर चालतो. आजोळ आळंदला आणि पुढं शिकायला कलबुर्गीला जायचं ठरलं, तरी नवा काढावा लागत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे कार्ड तीन रंगांत येतं. चाळीसच्या खाली पांढरं, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि त्यावर निळं. पांढरं हातात पडलं की लोक तोंड पाडून परत येतात. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं, तेही कायद्यातच आहे. चाळीस किंवा त्याहून जास्त असेल तर एसटीत पाऊणपट सवलत. तो दाखला आणायला जाताना मात्र तिकीट नेहमीचंच, याची मला दरवेळी गंमत वाटते.

इंग्रजी शाळेतल्या पंचवीस टक्के मोफत जागांसाठीही चाळीस टक्क्यांचा दाखला चालतो, आणि दिव्यांग मुलाच्या पालकाला तिथं उत्पन्नाचा दाखला लागत नाही. माझं एका दाखल्याचं गिऱ्हाईक कमी होतं, पण खरं ते सांगावंच लागतं.

विशेष शाळेत घालावं का, असं विचारणारे माझ्याकडे सल्ला मागतात, जणू मी डॉक्टर. मी माझं मत सांगतो. न ऐकणाऱ्या लेकराला खुणांच्या भाषेत बोलणारी दोस्तमंडळी मिळत असतील तर निवासी शाळेचा विचार जरूर करावा. गल्लीत त्याच्याशी कोण बोलणार? बाकी बहुतेकांना घराजवळची शाळा बरी. एखादी शाळा ‘आमच्याकडं असे शिक्षक नाहीत’ म्हणाली तर हुज्जत घालू नका, तेच लेखी मागा. लेखी मागितलं की निम्म्या वेळा सूर बदलतो. नाहीच बदलला तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार जाते. तो अर्जही मी लिहून देतो.

एक आई मात्र दाखला नकोच म्हणते. मुलगी सातवीत, वाचताना ओळी उलटसुलट होतात, तोंडी विचारलं तर वर्गात पहिली.

“आण्णा, कागदावर आलं की कोण करंल तिला?” 

मी म्हणालो, “अक्का, आत्ता काढू नका. विशेष शिक्षकांना भेटायला कागद लागत नाही. पण दहावीला जादा वेळ आणि लेखनिक पाहिजे असेल तर लातूर बोर्डाला शाळेमार्फत कागद द्यावाच लागतो. चाचणीला नंबर लागायला वेळ जातो, म्हणून नववी सुरू झाली की या.”

“तिचे पप्पा नाही म्हणतील.”

“मग त्यांनाच घेऊन या.”

पुढच्या सोमवारी विशेष शिक्षक तिच्या शाळेत येणार आहेत, तेवढं तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून नेलं. तिचे पप्पा अजून आलेले नाहीत.