धूर नसलेली शेगडी

नागपुरात घर बघायला गेलेला माणूस आधी पश्चिमेची भिंत बघतो. दुपारचे ऊन कुठून येणार, कूलर कोणत्या खिडकीत बसणार, गच्ची किती तापणार, हे प्रश्न पहिले. थंडीचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण ती जेमतेम दोन महिन्यांची पाहुणी. पण ही पाहुणी कधी कधी चांगलीच अंगावर येते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. उन्हाळ्यासाठी बांधलेल्या घरात अशा रात्री ऊब आणायची तर जे हाताशी असेल ते वापरले जाते: कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे, दोन हजार वॅटचा हीटर, न्हाणीघरातला गॅस गिझर. आणि कूलरची ती मोठी खिडकी दिवाळीनंतर पुठ्ठा, प्लायवूड किंवा प्लॅस्टिक लावून बंद केलेली असते. घरातली हवा खेळती ठेवणारी सर्वांत मोठी वाट नेमकी याच दिवसांत बुजते.

शेगडी वापरणारी माणसे निष्काळजी असतात असे मुळीच नाही. ती शेगडी अंगणात किंवा गॅलरीत पेटवतात, धूर पूर्ण निघून जाऊ देतात, कोळसे लालबुंद झाले की मगच आत आणतात. धुराचा त्रास नको म्हणून घेतलेली ही काळजीच दगा देते. डोळे चुरचुरवणारा, खोकला आणणारा धूर निदान माणसाला खोलीबाहेर तरी काढतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वास नाही, तो घशाला टोचत नाही.

तो तयार कसा होतो हे शेगडीकडे नीट पाहिले की कळते. कोळशाच्या खालच्या थरात हवा पोहोचते आणि कार्बन डायऑक्साइड बनतो. तो वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. शेगडी भरात असताना निखाऱ्यांवर नाचणारी निळसर ज्योत म्हणजे हाच वायू जळत असतो. रात्री उशिरा ज्योत विझते, निखाऱ्यांवर राख धरते आणि शेगडी ‘शांत’ झाली असे वाटते. तेव्हा हा वायू न जळता सरळ खोलीत पसरू लागतो. नेमक्या त्याच वेळी घर झोपलेले असते.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी हळूहळू ऑक्सिजनची जागा बळकावतो. जो ऑक्सिजन रक्तात उरतो, तोही पेशींपर्यंत नीट सुटत नाही. मेंदू आणि हृदय यांना सर्वांत आधी फटका बसतो. डोके जड होते, मळमळते, गरगरते. जागा असलेला माणूस निदान कुरकुर करील. झोपलेल्याला ते जाणवतही नाही. काही जण जागे होतात, पण उठायला जावे तर पायांत त्राण नसते आणि दारापर्यंत पोहोचता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून गेलेले आठ पर्यटक एका खोलीत गॅस हीटर लावून, दारे-खिडक्या बंद करून झोपले होते. त्यांत चार मुले होती. आठांपैकी एकही वाचला नाही.

शेगडीजवळ पाण्याची बादली ठेवली की भागते, असा एक समज आहे. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; बादली हवेचा कोरडेपणा कमी करील, याहून जास्त काही नाही. खाटेवर झोपले की धोका नाही किंवा जमिनीवर झोपले की नाही, हेही खरे नाही. तो साऱ्या खोलीत मिसळतो.

सगळ्यांत अवघड जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा, खिडक्यांना जाड पडदे, दाराला फटसुद्धा नाही. आजीचा हेतू वाईट नसतो आणि एक गोष्ट तिला अगदी बरोबर कळलेली असते: नवजात बाळाला थंडी सोसत नाही. पण बाळाचा श्वास मोठ्या माणसाहून जलद असतो, म्हणून तोच वायू त्याच्या शरीरात लवकर साठतो. घरात गर्भवती असेल तर तिच्या पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन हा वायू आणखी घट्ट धरून ठेवते. आजीशी वाद घालण्यापेक्षा ऊब देण्याची दुसरी सोय दाखवावी. बाळाला टोपी, मोजे घालावेत. आईच्या छातीशी, उघड्या त्वचेला त्वचा लावून ठेवावे आणि वरून पांघरूण घ्यावे. शेकायचेच असेल तर कापड शेगडीवर दुसऱ्या, उघड्या खोलीत गरम करून आणावे.

गॅस गिझरची गोष्ट थोडी वेगळी, पण गाभा तोच. लहानशा बंद न्हाणीघरात ज्योत खोलीतला ऑक्सिजन खाते, तो कमी झाला की गॅस अर्धवट जळतो आणि पुन्हा तोच वायू. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. अर्धवट जळून तयार झालेल्या वायूला तो नसतो. आंघोळीला गेलेला तरुण मुलगा आत कोसळतो, कधी झटका येतो, घरचे दार फोडतात, कांदा नाही तर चप्पल हुंगवतात. फिट समजून वर्षानुवर्षे गोळ्या सुरू होण्याचीही शक्यता असते. भारतातल्या मेंदूरोगतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर हवेशीर जागी बसवावा. तो आतच असेल तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मग आंघोळ करावी.

विजेच्या हीटरमधून हा वायू निघत नाही, तेवढ्यापुरता तो बरा. मात्र दोन हजार वॅटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढतो. सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटला किंवा टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डाला तो जोडला की वायर तापते, आणि शेजारी गोधडी लोंबत असतेच. मधुमेहींनी तर पायाशी हीटर किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपूच नये. पावलांची संवेदना कमी झालेली असते, भाजलेले सकाळी फोड पाहूनच कळते आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पाणी तापवायच्या रॉडबद्दल एवढेच: प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

ही विषबाधा ओळखायची कशी? घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखते, मळमळते, पण ताप नाही. बाहेर पडले की बरे वाटते, परत आत गेले की पुन्हा सुरू. याला व्हायरल किंवा शिळ्या अन्नाचा त्रास समजून गोळी घेतली जाते. करोनापासून घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने लाल झालेले रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि बेशुद्ध माणसाच्या बोटावरही तो ९८ दाखवू शकतो.

अशा वेळी दारे-खिडक्या उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आत गेलेल्याने तिथे रेंगाळू नये. तोंडात पाणी, दूध, लिंबू काही घालू नये. उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, घट्ट बसणाऱ्या मास्कने. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. पण तो ऑक्सिजन वेळेवर लागावा तर डॉक्टरांना शेगडीचे किंवा गिझरचे आपणहून सांगायला हवे. ‘रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत’ एवढ्यावर कोणालाही आधी पक्षाघात, साखर, साप यांचीच शंका येते.

शुद्धीवर येऊन घरी गेलेल्या काही रुग्णांमध्ये दोन-चार आठवड्यांनी दुसरीच लक्षणे दिसू लागतात. विसरभोळेपणा, गप्प बसणे, चालताना पाय घासणे, कपड्यांत लघवी होणे. मेंदूला झालेली इजा उशिरा डोके वर काढते. वय झाले किंवा धसका घेतला म्हणून हे सोडून देऊ नये. जुने कागद घेऊन पुन्हा दाखवावे.