प्रकाश टाकला की कॅल्शियम सुटतं! मग बोअरच्या पाण्याचं काय?

उन्हाळ्यात मामाचा फोन आला. मामाची शेती कळंब तालुक्यात आहे. पाणी बोअरचं, त्यावर ठिबक. दरवर्षीचं रडगाणं एकच: ड्रिपर चोक होतात, नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. या वेळी मात्र एक एजंट शेतावर येऊन गेला होता. पाइपला लावायचा एक दिवा विकत होता. "यातला प्रकाश पाण्यातलं कॅल्शियम कंट्रोल करतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय," असं सांगून त्याने मोबाइलवर व्हिडिओही दाखवला होता.

"भाचे, तू सायन्स शिकलायस. खरं हाय का हे? घ्यावं का?"

किंमत ऐकून मी दचकलो. म्हटलं, "मामा, दोन दिवस थांबा. पैसे देऊ नका."

गंमत म्हणजे एजंटच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं. प्रकाशाने कॅल्शियमवर ताबा ठेवणारे रेणू खरंच आहेत. पण ते काय करतात आणि कुठे वापरतात, हे कळलं की मामाच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

आपलं पाणी जड का?

धाराशिव जिल्हा दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर वसलाय. या खडकातल्या खनिजांमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातून मुरताना हे क्षार विरघळवत जातं. काळ्या रानात नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात, तेही कॅल्शियमचेच. पाणी तापलं किंवा वाळलं की विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन चिकटतं. किटलीतला थर, गिझरच्या कॉइलवरचा थर आणि ड्रिपरमधला थर, सगळं एकच.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

खेकड्याची नांगी

बीएस्सीला असताना आम्ही हा जडपणा मोजायचो. पाण्यात एक रंग टाकला की ते लालसर व्हायचं. मग ब्युरेटमधून थेंब थेंब ईडीटीए सोडायचं. रंग निळा झाला की थांबायचं. ईडीटीएचा रेणू कॅल्शियमला सहा बाजूंनी पकडतो. अशा रेणूंना 'चिलेट' करणारे रेणू म्हणतात, आणि हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलाय. ओढ्यातल्या खेकड्याने ज्याचं बोट एकदा धरलंय, त्याला पुढचं समजावून सांगायची गरज नाही.

आता या नांगीच्या सांध्यात असा बंध बसवला, जो प्रकाश पडला की तुटतो, तर? १९८८ मध्ये जॅक कॅप्लन आणि ग्रॅहम एलिस-डेव्हिस यांनी नेमकं हेच केलं. त्यांच्या रेणूचं नाव डीएम-नायट्रोफेन. हा मुळात ईडीटीएच, फक्त त्याला एक नायट्रो गट असलेला तुकडा जोडलेला. अंधारात तो कॅल्शियम घट्ट धरून ठेवतो. अतिनील प्रकाशाचा झोत पडला की नांगी मधोमध तुटते, दोन तुकडे होतात आणि पकड सुमारे सहा लाख पटीने सैल पडते. कॅल्शियम मोकळं! म्हणून याला 'पिंजऱ्यातलं कॅल्शियम' म्हणतात.

उलटा रेणूही आहे. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले रॉजर त्सिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये डायझो-२ नावाचा रेणू मांडला. त्यावर प्रकाश पडला की तो कॅल्शियम पकडतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

पेशीसाठी! १८८३ मध्ये लंडनच्या सिडनी रिंगरने दाखवलं की बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत राहायला द्रावणात कॅल्शियम लागतं. गंमत म्हणजे आधीच्या प्रयोगात शुद्ध पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं गेलं होतं आणि त्यातल्या कॅल्शियममुळे हृदय चालत होतं. दवाखान्यात 'आरएल' म्हणून जी सलाइन लावतात, तिच्या नावातला रिंगर हाच.

आपल्या पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पट कमी असतं. ते क्षणभर वाढलं की स्नायू आवळतो, मज्जातंतू पुढच्या पेशीला निरोप देतो. हे कसं घडतं ते पाहायचं तर कॅल्शियम हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी सोडता यायला हवं. पिचकारीने ते जमत नाही. प्रकाशाने जमतं: एक झोत, आणि हजारांश सेकंदाच्या आत कॅल्शियम हजर.

मग मामाच्या बोअरचं काय?

चला, हिशेब करू. समजा जडपणा ६०० मिलिग्रॅम आहे. १००० लिटरच्या एका टाकीत ६०० ग्रॅम, म्हणजे ६ मोल क्षार. एका नांगीत एकच आयन मावतो, म्हणून डीएम-नायट्रोफेनही ६ मोल लागेल. त्याच्या एका मोलचं वजन ४७३ ग्रॅम. म्हणजे एका टाकीला २.८ किलो! प्रयोगशाळांना हा पदार्थ मिलिग्रॅमच्या हिशेबात विकला जातो. शिवाय नांगी एकदा तुटली की तुटली, पुन्हा जुळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काम रेणू करतो, प्रकाश फक्त खटका दाबतो. पाण्यात तो रेणूच नसेल तर नुसत्या दिव्याने कॅल्शियमला काही होत नाही. घरच्या फिल्टरमधला यूव्ही दिवाही जंतू मारतो, जडपणा कमी करत नाही.

मग करायचं काय?

पिण्यासाठी आरओ जडपणा कमी करतो. घरातल्या गिझरसाठी मिठावर चालणारा सॉफ्टनर चालतो; तो कॅल्शियम घेऊन सोडियम देतो. पण ते पाणी शेताला देऊ नका, सोडियमने काळी जमीन बिघडते. ठिबकसाठी जुनाच उपाय: अ‍ॅसिड ट्रीटमेंट. थरावर अ‍ॅसिडचा थेंब टाकून पाहा, फसफसला तर तो कार्बोनेट. प्रमाण कृषी सहायकांना विचारून ठरवा, हातमोजे घाला आणि एक नियम पाळा: पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही.

मी हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे त्येच्या दिव्यात खेकडाच न्हाई म्हण की!"

एजंट पुन्हा आला, तेव्हा मामाने त्याला एकच विचारलं: "पाण्यात टाकायचं औषध कुठंय?" दिवा परत गेला. तुमच्या दारात असं कुणी आलं, तर तुम्हीही हाच प्रश्न विचारा.