दर्शनीय स्थळांवरील सेवकांची वर्तणूक आणि प्रेक्षकाची तक्रार

तिकीट-खिडकीवरील कारकून वसकन अंगावर आला, लेण्यातील पहारेकऱ्याने चारचौघांत पाणउतारा केला, रांगेतील वृद्धेला एकेरीत हाक मारली गेली, अशा तक्रारी लोकप्रशासनाच्या अभ्यासात बहुधा किरकोळ गणल्या जातात. त्यांत पैशाचा अपहार नसतो, हक्काचा उघड भंग नसतो आणि कागदोपत्री पुरावाही नसतो. तथापि मायकेल लिप्स्की याने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे सामान्य नागरिकाची शासनाशी गाठ पडते ती वरिष्ठांच्या दालनात नव्हे, तर खिडकीपाशी. आणि खिडकीपलीकडील सेवक जे करतो तेच त्याच्या लेखी शासनाचे धोरण होय. या दृष्टीने पाहता उद्धटपणाची तक्रार क्षुल्लक राहत नाही. मात्र अशा तक्रारीतून नेमके काय कळते आणि तिची झळ कोणाला लागते, हे तपासून पाहिले पाहिजे.

अजिंठ्याचे उदाहरण घेतल्यास प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होईल. १९८३ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या या लेण्यांकडे जाणाऱ्याचे खाजगी वाहन फर्दापूरच्या तिठ्यावर थांबविले जाते. तेथे वाहनतळाचे व सुखसोयींचे शुल्क द्यावे लागते. पुढील सुमारे चार किलोमीटर एस. टी. च्या बसने जावे लागते. पायथ्याशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तिकीट निराळे. आणि लेण्यांच्या दाराशी पुन्हा पहारेकरी असतात ते असतातच. एका सकाळीच प्रेक्षकाचा संबंध अशा निरनिराळ्या यंत्रणांच्या माणसांशी येतो. त्याच्या लेखी मात्र ते सारे मिळून एकच ‘अजिंठा’ असते. बसमधील बोलण्याने दुखावलेला मनुष्य पुरातत्त्व खात्याला पत्र लिहितो, तेव्हा ‘सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’ यापलीकडे त्याला कोणते उत्तर मिळणार? उत्तर खरे असते. परंतु ज्याला ते मिळते त्याला तो दुसरा अपमान वाटतो.

उद्धटपणा म्हणून ज्याची नोंद होते त्याचा काही भाग भाषेच्या सीमेवर घडतो, याकडे चौकशी करणाऱ्यांचे क्वचितच लक्ष जाते. मराठीत ‘तुम्ही’ हे आदरार्थी रूप आहे. तेच मनात धरून मराठीभाषक पहारेकरी हिंदीत ‘तुम उधर से जाव’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मते त्याने मर्यादा सोडलेली नसते. लखनौकडून आलेल्या वयस्क गृहस्थाच्या कानाला मात्र तेथे ‘आप’ची उणीव तत्काळ जाणवते. इंग्रजीत तर अडचण अधिकच. मराठीतील सौजन्य बव्हंशी क्रियापदात व स्वरात असते. ‘जोडे काढा’, ‘जोडे काढता का जरा’, ‘जोडे इथं काढायचे बरं का’ यांतील अंतर मराठी मनुष्याला सहज कळते. ‘कृपया’ हा शब्द फलकावर शोभतो, बोलताना कोणी तो फारसा वापरीत नाही. त्यामुळे पाचपन्नास इंग्रजी शब्दांवर काम भागविणाऱ्या सेवकाच्या तोंडून ‘रिमूव्ह शूज’, ‘नो फ्लॅश’ एवढेच बाहेर पडते. ‘अपशब्द वापरला काय?’ असे त्याला विचारल्यास तो ‘नाही’ म्हणतो, आणि ते खरेच असते. तक्रारदाराचे दुखावणेही तितकेच खरे असते.

हे स्पष्टीकरण फार ताणणे मात्र योग्य नव्हे. मोटारीतून उतरलेल्यास ‘साहेब, इकडून या’ आणि खेड्यातून ट्रकने आलेल्या बायाबापड्यांस ‘ए, सरका तिकडं’, हा भेद एकाच भाषेत, एकाच दाराशी आणि पूर्ण जाणिवेने केला जातो. त्याला व्याकरणाचा आधार नाही. शिवाय ज्यांना ‘ए’ ऐकावे लागते ते तक्रार लिहीत नाहीत. त्यांना त्याची सवय झालेली असते. सबब तक्रारींच्या संख्येवरून एखाद्या स्थळाच्या सौजन्याचे अनुमान काढणे धोक्याचे आहे. आल्बर्ट हर्शमन याच्या १९७० मधील विवेचनानुसार असंतुष्ट ग्राहकापुढे दुकान सोडणे आणि आवाज उठविणे असे दोन मार्ग असतात. अजिंठ्याला पर्यायी अजिंठा नाही, म्हणून पहिला मार्ग येथे नाममात्र. आणि आयुष्यात एकदाच येणाऱ्याला आवाज उठवून स्वतःचा लाभ काहीच नाही. जो लिहितो तो एका अर्थी पुढे येणाऱ्या अपरिचितासाठी लिहीत असतो.

काही प्रसंगी अपमान सेवकाच्या स्वभावात नसून नियमातच असतो. केंद्रीय संरक्षित स्मारकांवर भारतीय व परदेशी प्रेक्षकांना निरनिराळे दर लागतात. २०१८ च्या दरपत्रकाप्रमाणे अजिंठ्यासारख्या स्थळी रोख तिकीट अनुक्रमे ४० व ६०० रुपये होते. सार्क व बिमस्टेक देशांचे नागरिक भारतीय दराने जातात, आणि २०२१ च्या अधिसूचनेने परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड बाळगणाऱ्यांसही तीच सवलत आहे. आता खिडकीवरील कारकुनाने, मागे लांबलचक रांग असताना, कोण कोणत्या वर्गातला हे ओळखावे कसे? तो चेहऱ्यावरून ठरवितो. मणिपूर वा नागालँड येथील भारतीयाकडे ओळखपत्र मागितले जाते, त्याच्या पुढच्या पुणेकराकडे मागितले जात नाही. अशा वेळी कारकुनाने कितीही मृदू शब्द योजले तरी अपमान व्हावयाचा तो होतोच. प्रत्येकाकडे ओळखपत्र मागणे किंवा कोणाकडेच न मागणे, यांपैकी एक पर्याय वरिष्ठांनी निवडल्याखेरीज येथील दोष निघणार नाही.

आर्ली हॉक्शील्ड हिने १९८३ साली विमानसेविकांच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. हसतमुख राहणे हाही तेथे कामाचाच भाग असतो आणि त्यासाठी प्रशिक्षण दिले जाते. लेण्यातील पहारेकऱ्याकडून मात्र हे श्रम गृहीत धरले जातात. चित्रांच्या रक्षणासाठी अंधार राखावयाचा, फ्लॅश थांबवावयाचा, गर्दी पुढे सारावयाची, आणि तेच वाक्य दिवसभर शेकडो वेळा उच्चारावयाचे. ऐकणारा ते प्रथमच ऐकत असतो; सांगणाऱ्याच्या स्वरात मागील सर्व वेळांचा त्रागा साठलेला असतो.

तक्रार पोहोचल्यानंतर काय होते, हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम ३-अ प्रमाणे कर्तव्य बजावताना असभ्यपणे वागणे कर्मचाऱ्यास निषिद्ध आहे; म्हणजे सौजन्य हा केवळ शिष्टाचार नाही. परंतु त्या भंगाबद्दल साधी ताकीद नोंदवावयाची तरी कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि बडतर्फीला तर संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण आहे. याउलट अनेक स्मारकांवर पहाऱ्याचे व स्वच्छतेचे काम ठेकेदाराच्या माणसांकडून करून घेतले जाते. त्यांना हे संरक्षण नाही. ‘उद्या याला पाठवू नका’ एवढा निरोप ठेकेदाराला पुरतो. केंद्र शासनाच्या लोकतक्रार व्यवस्थेत ऑगस्ट २०२४ पासून निकालाची मुदत २१ दिवसांची झाली. मुदत आखूड, आणि माणूस बदलणे सोपे; तेव्हा ‘संबंधितास दूर केले’ या शेऱ्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. एकाच प्रकारच्या वाक्यासाठी कायम सेवकाला कारणे दाखवण्याची संधी मिळावी आणि ठेक्यावरच्या सेवकाची रोजी जावी, ही विषमता तक्रारदाराला ठाऊकही नसते. समोरच्या दोन गणवेशांतील फरक त्याने ओळखावा तरी कसा?

म्हणूनच तक्रारीच्या मजकुराला महत्त्व येते. ‘अत्यंत उद्धट वर्तन’ या शब्दांवरून चौकशी पुढे सरकत नाही. कोणत्या दाराशी, किती वाजता, गर्दी किती होती, कोणते शब्द उच्चारले गेले, कोणत्या भाषेत, आणि त्यापूर्वी प्रेक्षकाने काय विचारले होते, एवढे लिहिले असेल तर वाचणाऱ्याला व्यक्तीचा दोष आणि व्यवस्थेचा दोष वेगळे करता येतात. कार्यालयांनीही तक्रारवहीत सेवकाच्या नावाबरोबर वेळ व ठिकाण यांचे रकाने ठेवावयास हवेत. एकाच खिडकीवर, माणसे बदलूनही, सुटीच्या दिवशी दुपारी तक्रारी येत राहिल्या, तर तेथे दुसरी खिडकी उघडण्याची गरज आहे किंवा काय, हे त्या वहीवरूनच पडताळता येईल.