बॉइलचा नियम आणि प्रवाळांची पीकपाहणी

तापमान तेंच ठेवून दाब दुप्पट केला कीं हवेचें आकारमान निम्में होतें, हा बॉइलचा नियम आम्ही शाळेंत मुलांकडून पाठ करून घेत असूं. फुप्फुसांनीं तो शिकावयाचा तर समुद्रांतच उतरलें पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस ग्रेट बॅरियर रीफ ही सुमारें २,३०० किलोमीटर लांबीची प्रवाळमाला आहे; तिच्या दक्षिण टोंकाकडील हेरॉन बेटावर क्वीन्सलंड विद्यापीठाचें संशोधनकेंद्रच आहे. या समुद्रांत अभ्याससहलीला येणारा विद्यार्थी पाठीवर हवेची टाकी बांधून उतरतो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथें घेतलेला श्वास रोखून वर यावें, तर तीच हवा दुपटीनें फुगूं पाहील आणि फुप्फुस फाडील. म्हणून पहिला धडा : श्वास कधींहि रोखूं नये.

दुसरा स्थिर तरंगण्याचा. पायाच्या एका फटक्यासरशीं वर्षानुवर्षें वाढलेली शाखा मोडते.

मग खरें काम. तळाशीं फीत अंथरून ठराविक अंतरावर तिच्याखालीं जिवंत प्रवाळ आहे, मृत सांगाडा आहे, शेवाळ आहे कीं वाळू, तें पाटीवर टिपावयाचें. आपल्या तलाठ्याची पीकपाहणीच ही! कंटाळवाणी खरी, पण तिच्यावांचून नुकसानीचा हिशेब लागत नाहीं.

प्रवाळ म्हणजे वनस्पति नव्हे, प्राणी. त्याच्या पेशींत राहणारें सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करून त्याला पुरवितें. रंगहि बहुतांशी त्याचाच. पाणी नेहमींच्या कडक उन्हाळ्याहून अंशभर अधिक तापून कित्येक आठवडे तसेंच राहिलें, कीं हें शैवाल बाहेर टाकलें जातें आणि प्रवाळ पांढरें पडतें. तें लगेच मरत नाहीं; पाणी वेळेवर निवलें तर सावरतें. २०१६ सालीं या मालेचा उत्तर भाग फार पोळला, २०२४ सालीं दक्षिण भागहि. त्यांतलीं किती प्रवाळें सावरलीं, हें पुढल्या तुकडीनें त्याच रेषेवर पुन्हां फीत अंथरली म्हणजे कळतें.