शेखावाटी: रस्त्यावरून बघायची चित्रं

थंडी तोंडावर आली की राजस्थानच्या सहलींची जुळवाजुळव सुरू होते. जयपूर, जोधपूर, जैसलमेर ही नावं ठरलेली. अलीकडे काही सहलींत शेखावाटीही असते, पण ती 'जयपूरहून बिकानेरला जाताना वाटेत मंडावा' एवढ्यापुरतीच. बस थांबते, किल्ल्यात जेवण होतं, दोन हवेल्यांसमोर फोटो निघतात आणि गाडी सुटते. गावंच्या गावं चित्रांनी रंगवलेल्या या मुलखाला दोन तास देणं म्हणजे पंगतीत बसून नुसती कोशिंबीर खाऊन उठणं.

झुंझुनू, सीकर आणि चुरूचा काही भाग म्हणजे शेखावाटी; पंधराव्या शतकातल्या राव शेखाच्या नावावरून. इथले मारवाडी व्यापारी आधी उंटांच्या तांड्यांच्या वाटेवर श्रीमंत झाले. पुढे बंदरं आणि रेल्वे यांच्याकडे व्यापार वळला तसे ते कलकत्ता, मुंबई, हैदराबादेला गेले. पैसा मात्र गावी पाठवत राहिले. त्या पैशातून साधारण 1830 ते 1930 या शंभर वर्षांत बहुतेक हवेल्या उभ्या राहिल्या.

ही घराणी मराठी माणसाला परकी नाहीत. वर्ध्याचे जमनालाल बजाज मूळचे सीकरजवळच्या काशी का बासचे, जन्म 1889 चा. दत्तक म्हणून ते वर्ध्याला आले. माटुंग्याच्या रुईया आणि पोदार कॉलेजांची नावं अनुक्रमे रामगढ आणि नवलगढच्या घराण्यांची.

आपल्याकडे वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवर चित्रं आहेत, पण ती आत. शेखावाटीत शेठजींनी बाहेरची भिंतही रंगवून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली ऐपत दिसावी, हा हेतू उघड होता. पण त्यामुळे चित्र सगळ्या गावाचं झालं. कृष्णलीला, ढोला-मारू, हत्ती-उंट यांच्या शेजारी आगगाडी, मोटार, ग्रामोफोन आणि टोपीवाले साहेब येऊन बसले. मंडाव्याच्या एका भिंतीवर तर राइट बंधूंचं विमान आहे. अनेक कारागिरांनी या वस्तू डोळ्यांनी पाहिल्याच नव्हत्या. ऐकीव माहितीवर किंवा छापील चित्रावरून काढल्या. म्हणून काही आगगाड्या चाकांवर ठेवलेल्या खोल्यांसारख्या दिसतात, आणि खरी गंमत त्यातच आहे.

चित्रं काढणारे चेजारे म्हणजे मुळात गवंडी. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा, मग पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करायचा. चुना वाळताना रंग धरून ठेवतो, म्हणून ऊन-पावसातही तो टिकतो. गोव्यातल्या देवळांवरची कावी कला ज्यांनी पाहिली आहे त्यांना ओल्या चुन्यावरची ही घाई लगेच कळेल. तिथे लाल थर कोरून खालचा पांढरा उघडा करतात, इथे रंग चढवतात, एवढाच फरक. जुन्या कामात गेरूचा तांबडा, काजळीचा काळा असे मातकट रंग जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतून रासायनिक रंग येऊ लागले आणि भडक निळा-लाल दिसू लागला. भिंतीचं वय ओळखायला ढोबळमानाने ही खूण पुरते.

मुक्काम नवलगढला ठेवावा. जयपूरहून सीकरमार्गे रेल्वेही जाते. 1902 च्या पोदार हवेलीत संग्रहालय आहे. तिथली चित्रं नव्याने रंगवलेली, चकचकीत. त्यानंतर लगेच मोरारका हवेली बघावी. तिथे जुनी चित्रं न रंगवता जपली आहेत. दोन्ही एकाच दिवशी बघितल्या की जपणं आणि रंगवून टाकणं यातला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मंडावा आणि फतेहपूर. फतेहपूरला 1802 ची एक हवेली नादीन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीने 1998 मध्ये विकत घेऊन दुरुस्त केली. तिसरा दिवस पूर्णपणे रामगढला द्यावा. चुरूच्या ठाकुराशी करावरून बिनसल्यावर पोद्दार तिथून निघाले आणि 1791 च्या सुमारास त्यांनी हे गाव वसवलं. त्यांच्या छत्र्यांच्या घुमटात मान वर करून बघत राहावं असं काम आहे. पर्यटक कमी, हॉटेलं कमी; म्हणून सहलवाले टाळतात.

आता अडचणीचा भाग. बहुतेक हवेल्यांना कुलूप असतं. मालक कुठल्या तरी मोठ्या शहरात, वारस अनेक, त्यामुळे ना दुरुस्ती होते ना विक्री. भिंतीच्या तळाशी ओल चढते, पोपडे पडतात. कोरीव दरवाजे जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात, कुठे हवेली पाडून दुकानांचे गाळे उभे राहतात. चौकीदाराच्या घरच्यांनी लोटलेलं अंगण, एवढीच काही ठिकाणची देखभाल. सहलीचा पैसा मात्र किल्ल्यातल्या हॉटेलात आणि बसच्या डिझेलमध्ये जातो.

म्हणून बुकिंग करतानाच आयोजकाला दोन गोष्टी विचाराव्यात: स्थानिक वाटाड्या घेणार का, आणि चौकीदाराला द्यायचे पैसे खर्चात धरलेत का. गल्ल्या अरुंद आहेत. पंचवीस जणांचे दोन गट करून चालतच फिरावं. भिंतीला हात लावू नये, पाठ टेकवून फोटो तर नकोच. आत कुटुंब राहत असेल तर आधी विचारावं. 'नाही' म्हणाले तर बाहेरची भिंत आहेच. तिच्यासाठी सकाळचं ऊन चांगलं.