जमीन बदलली की सेटिंग बदला

माणदेशात पाऊस कमी आणि माळ उदंड. म्हसवडच्या आसपास तासाभराच्या फेरीत मुरमाड माळ, काळं रान, माणगंगेच्या पात्रातली वाळू आणि डांबरी रस्ता अशा चार तऱ्हेच्या जमिनी भेटतात. एक दशांश मापाची, चारही चाकांना ताकद मिळणारी रिमोटची बग्गी या चारही ठिकाणी पळते. मात्र एकाच सेटिंगवर चारही ठिकाणी नीट पळत नाही. या छंदातले बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज : फोर-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे घसरणार नाही.

वस्तुस्थिती : चार चाकं ओढतात म्हणून बग्गी जोरात सुटते, हे खरं. पण वळणावर किंवा ब्रेक लावताना गाडी धरून ठेवतो तो टायर आणि त्याखालची माती. ती पकड ड्राइव्हमुळे वाढत नाही. शिवाय डिफरन्शियल, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी जोडणी, मोकळं असेल तर हवेत उचललेलं चाक नुसतंच गरगरतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. म्हणून डिफरन्शियलमध्ये घट्ट सिलिकॉन तेल भरतात. मधलं डिफरन्शियल असलेल्या गाडीत तिथलं तेल जाड केलं की पुढची-मागची चाकं एकमेकांना धरून ओढतात. पकड असलेल्या जमिनीवर हे फायद्याचं ठरतं. सुट्या मुरमावर तेच तेल पातळ हवं. मग जादा जोर पुढची चाकं फिरवण्यात जिरतो आणि गाडी शांतपणे वेग घेते.

गैरसमज : टायरवर जितके मोठे काटे, तितकी पकड जास्त.

वस्तुस्थिती : काट्याला रुतायला माती मिळाली तरच तो उपयोगाचा. काळ्या रानाच्या भुसभुशीत मातीत उंच काटे छान काम करतात. डांबरावर किंवा चोपून कडक झालेल्या जमिनीवर ते वाकतात, गाडी डुलते आणि काटे भराभर झिजतात. तिथे बुटक्या, दाट ठोकळ्यांचा टायर बरा.

गैरसमज : वाळूत जीपच्या टायरची हवा कमी करतात, तशी बग्गीचीही करावी.

वस्तुस्थिती : या टायरमध्ये हवा भरलेलीच नसते. आत स्पंजची कडी असते, आणि दाबलेली हवा बाहेर पडावी म्हणून रिमला किंवा टायरला बारीक भोकं असतात. टायर मऊ हवा असेल तर स्पंज किंवा रबराचा प्रकार बदलावा लागतो. याच भोकांतून पाणी आत शिरतं, म्हणून ओल्या वाळूतून आलेली चाकं जड लागतात. वाळूत खरी काळजी मोटरची घ्यावी. तिथे ओढ वाढून मोटर तापते, त्यामुळे मोटरवरचं लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, कमी दातांचं लावावं. वेग थोडा घटेल, मोटर मात्र वाचेल.

गैरसमज : गाडी जितकी खाली आणि कडक, तितकी स्थिर.

वस्तुस्थिती : हे सपाट, पकडीच्या ट्रॅकपुरतं खरं आहे. खाचखळग्यांत कडक स्प्रिंगची गाडी उड्या मारते, आणि हवेतल्या टायरला पकड कसली? खडबडीत माळावर स्प्रिंग मऊ हवी आणि गाडीची उंची थोडी जास्त. सपाट ट्रॅकवर पोटाखाली साधारण २० मिलीमीटर ठेवत असाल, तर माळावर २४-२५ पासून सुरुवात करा. उंची मोजताना बॅटरी बसवलेली असू द्या, नाहीतर आकडा फसवा येतो.

गैरसमज : शॉकअपमध्ये एकदा तेल भरलं की वर्षभर बघायला नको.

वस्तुस्थिती : तेलाच्या डब्यावरचा दाटपणाचा आकडा ठरावीक तापमानाचा असतो, बहुधा २५ अंश सेल्सिअसचा. उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडला की सिलिकॉन तेल साधारण चतुर्थांशाने पातळ होतं. म्हणजे मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेच्या सुमारास, सकाळच्या गारव्यात नीट बसणारी गाडी चैत्रातल्या दुपारी उड्या मारू लागली, तर स्प्रिंगला दोष देण्याआधी तेल एक पायरी जाड करून बघावं. तेलात धूळ मिसळते, सीलही झिजतं. म्हणून ते अधूनमधून बदलावंच लागतं.

गैरसमज : विजेत्याचं सेटिंग उतरवलं की काम झालं.

वस्तुस्थिती : जपानच्या मासामी हिरोसाका यांनी १९८७ साली इंग्लंडमधल्या रोम्सी इथे फोर-व्हील ड्राइव्ह गटाचं विश्वविजेतेपद शूमाकर कॅट बग्गीवर जिंकलं. त्या गाडीचे सगळे आकडे हाती आले, तरी ते तिथल्या मातीचे, त्या टायरचे आणि त्या हाताचे. मोठ्या बग्ग्यांसाठी '५-७-३' असं लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ डिफरन्शियलमध्ये पुढे ५,०००, मधे ७,००० आणि मागे ३,००० सेंटिस्टोक्सचं (हे दाटपणाचं माप) तेल. ती फक्त सुरुवात आहे.

पुढचं काम वहीचं. आधी टायर, मग उंची, मग शॉकअपचं तेल आणि स्प्रिंग, शेवटी डिफरन्शियल, हा क्रम बरा. एका वेळी एकच बदल करा, तीन-चार फेऱ्या मारा आणि मगच पुढचा स्क्रू फिरवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. आकड्यांच्या आधी जमीन आणि वेळ लिहा. सकाळी दवाने दबलेला मुरूम चाकाला धरतो. दुपारी त्याच मुरमाचा फुफाटा झालेला असतो. जागा तीच, पण वहीत ती दोन ट्रॅक म्हणून लिहावी लागते.